दक्षिणेचा हिशेब

गेल्या जूनमध्ये महाविद्यालयात प्रवेशाची धांदल चालू असताना आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. बारावीला चांगले गुण मिळवलेली, घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. अर्ज पुढे करून तिने विचारले, "सर, बी.ए.ला संस्कृत घेऊ का?" मी काही बोलण्याआधीच माझ्याजवळ बसलेले चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ज्यांनी आपल्या बापजाद्यांच्या कानांत शिसे ओतायला सांगितले, त्यांची भाषा शिकून काय करणार, पोरी? पाली घे." मुलगी गप्प झाली. मीही गप्प राहिलो. दोन दिवसांनी येते म्हणून ती अर्ज घेऊन निघून गेली.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, ह्याची बोच मला लागून राहिली. कार्यकर्त्यांचा संताप खोटा नव्हता आणि मुलीची इच्छाही खोटी नव्हती. ह्या दोहोंच्या मधला जो इतिहास आहे तो नीट मांडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असे मला वाटले. म्हणून हा लेख.

आधी स्वतःचे सांगतो. आठवीत असताना संस्कृत घ्यायचे की हिंदी, असा पर्याय आमच्यापुढे आला होता. मी संस्कृतसाठी नाव दिले. वर्गशिक्षकांनी यादी वाचताना माझ्या नावाशी थांबून सांगितले, "तुझ्या जिभेला ते उच्चार जमायचे नाहीत. हिंदीच घे." वर्ग हसला. मी हिंदी घेतली. हे काही पेशवाईतले नव्हे. आपल्या राज्यघटनेला पन्नास वर्षे होऊन गेल्यानंतरचे आहे. पुढे एम.ए. झाल्यावर, नोकरी लागल्यावर, रात्री जेवणे झाली की शब्दरूपे घोकत मी ती भाषा आपली आपण शिकलो. पंडित झालो नाही. शब्दकोश जवळ असेल तर पोथी वाचता येते, एवढेच.

मी वाचलेली पहिली पोथी सत्यनारायणाची. त्यालाही कारण आहे. आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. माझा आजा लहान असताना पाटलाच्या वाड्यात सत्यनारायण असला की लाकडे फोडून द्यायचे काम त्याच्याकडे असे. लाकडे फोडून झाली की ओट्याच्या खाली, लांब, उकिडवे बसून राहायचे. आत मंत्र चालत. शंख वाजला की आता प्रसाद येणार एवढे त्याला कळे. प्रसाद वरून टाकला जाई, तो धोतराच्या सोग्यात झेलायचा. त्या मंत्रांतले एक अक्षरही त्याला आयुष्यभर उमगले नाही. १९५६ साली धर्मांतर झाल्यावर त्याने घरातले टाक नदीत सोडले. तरी म्हातारपणी एकदा मला विचारले होते, "ते बामण आत काय म्हनायचं रं?"

त्याचे उत्तर द्यायला मी पोथी उघडली तेव्हा आजा हयात नव्हता. त्या कथेत एक गरीब लाकूडतोड्या आहे. तो व्रत करतो आणि त्याचे दारिद्र्य फिटते. पुढे तुंगध्वज नावाचा एक राजा आहे. रानात गोपाळ भक्तिभावाने पूजा करून त्याच्यापुढे प्रसाद ठेवतात; राजा मोठेपणाच्या तोऱ्यात तो टाकून निघून जातो आणि त्याचे सर्वस्व बुडते. लाकडे फोडणारा माझा आजा ओट्याखाली बसलेला असताना आत लाकूडतोड्याची महती सांगितली जात होती. हलक्या माणसाच्या हातचा प्रसाद नाकारणाऱ्या राजाला शिक्षा होत होती. आणि त्यानंतर प्रसाद वरून टाकला जात होता! आजाला ती भाषा येत असती तर त्याने तिथेच उभे राहून एक प्रश्न विचारला असता. तो प्रश्न येऊ नये ह्याचा बंदोबस्त शेकडो वर्षे केला गेला. तो कसा केला गेला ते पाहू.

पहिला बंदोबस्त तत्त्वज्ञानाने केला. अद्वैत वेदान्ताचा सिद्धान्त असा की ब्रह्म एकच आहे, जीव आणि ब्रह्म यांत भेद नाही. हे ऐकणाऱ्याला वाटेल की ह्या विचारात जातिभेदाला जागाच उरत नाही. परंतु ज्या ब्रह्मसूत्रांवर ह्या विचाराची उभारणी झाली त्यांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. विषय एकच: ब्रह्मविद्येचा अधिकार शूद्राला आहे काय? उत्तर आहे, नाही. शंकराचार्यांनी त्यावरच्या भाष्यात, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत धातू आणि लाख वितळवून भरावी हे स्मृतिवचन आधारासाठी दिले आहे. आमचे कार्यकर्ते जे म्हणाले ते असे ग्रंथात आहे.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती नावाच्या दानशूर राजाची गोष्ट आहे. तो गाडीखाली बसलेल्या रैक्व नावाच्या ज्ञान्याकडे विद्या मागायला जातो. रैक्व त्याला 'शूद्र' म्हणून हाक मारतो आणि अखेर विद्याही देतो. म्हणजे खुद्द उपनिषदातच दार किलकिले होते. आता काय करावे? सूत्रकार आणि भाष्यकार म्हणतात, इथे शूद्र म्हणजे शूद्र जातीचा नव्हे. शोकाने जो धावत आला तो शूद्र, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती आहे! उघडे दार बंद करण्यासाठी व्याकरण कामाला लावले गेले. ब्रह्म सर्वांभूती एक आहे हे परमार्थात. व्यवहारात मात्र ते कोणी ऐकायचे हे जन्मावरून ठरलेले. परमार्थ आणि व्यवहार असे दोन मजले बांधले की वरच्या मजल्यावर समता ठेवता येते आणि खालच्या मजल्यावर माझा आजा.

ह्याच भाष्यात एक सवलतही आहे. इतिहास आणि पुराणे ऐकण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे. वेद नाही, पण कथा ऐका; ज्ञान नाही, पण भक्ती करा. आपल्याकडची व्रतवैकल्ये, हरिकथा, पुराणश्रवण ही सगळी ह्या सवलतीच्या खिडकीतून आली. आम्ही अतिशूद्र तर त्या खिडकीच्याही बाहेर, वेशीपलीकडे. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर पायरीजवळ आहे. चौदाव्या शतकात त्यांनी मांडलेला प्रश्न पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडायला पुरला नाही. त्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. भक्तीने माणसाला धीर दिला हे मी नाकारत नाही. माझी आजी धर्मांतरानंतरही दळताना चोखोबाचे नाव घेई. पण धीर ही एक गोष्ट आणि अधिकार ही दुसरी.

दुसरा बंदोबस्त पैशाचा. ह्याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. संस्कृत विद्या ऋषींच्या तपावर जगली, असे आपल्याला सांगितले जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती रयतेच्या साऱ्यावर जगली. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा दाभाडे घराण्याने तळेगावात चालवली होती. १७३१ च्या डभईच्या लढाईत दाभाड्यांचा पाडाव झाला आणि ती प्रथा पेशव्यांनी पुण्याला नेली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात काशीपासून द्रविड देशापर्यंतचे ब्राह्मण जमत. शास्त्रात परीक्षा दिलेल्यांना मोठी दक्षिणा, बाकीच्यांना लहान. खर्चाचे आकडे लाखांत जात.

हा पैसा आला कोठून? शेतसाऱ्यातून. आणि गावचा सारा कचेरीपर्यंत पोचवणे, सोबत राखण करीत जाणे, हे महाराच्या वतनी कामांपैकी एक काम होते. जुन्नर तर पेशव्यांच्या पुण्यापासून फार लांब नाही. म्हणजे ज्या रकमेतून वेदशास्त्राची दक्षिणा वाटली जाई तिच्यातला काही भाग आमच्यासारख्यांच्या पूर्वजांनी डोक्यावरून वाहिला असला पाहिजे. ओझे आमचे, विद्या त्यांची, आणि ती ऐकली तर कान आमचे! संस्कृतशी आपला काहीच संबंध नाही असे जेव्हा आपले लोक म्हणतात, तेव्हा हा संबंध ते विसरतात. आपण ह्या विद्येचे धनको आहोत.

पेशवाई १८१८ साली बुडाली. एल्फिन्स्टनने ब्राह्मणवर्ग बिथरू नये म्हणून दक्षिणा पुरती बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजारांवर आणली. तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष हे विषय. आणि विद्यार्थी फक्त ब्राह्मण. राज्य इंग्रजांचे, पैसा रयतेचा, नियम मनूचा. १८५१ च्या सुमारास ही पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज झाले व इतर जातींना दार उघडले. तेच पुढे १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. हे दार उघडण्यामागे जे घडले ते आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असायला हवे.

१८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि काही तरुण ब्राह्मण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेच्या रकमेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यातला सनातनी वर्ग खवळला. अर्जदारांना मार बसेल अशी स्थिती झाली. तेव्हा जोतीराव फुले शूद्रातिशूद्रांतली सुमारे दोनशे माणसे घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. त्या माणसांपैकी किती जणांना लिहिता वाचता येत असेल? आपल्याला न येणाऱ्या अक्षरांसाठी ती उभी राहिली. तीन वर्षांनी, १८५२ च्या नोव्हेंबरात, त्याच विश्रामबागवाड्यात शाळा काढल्याबद्दल जोतीरावांचा सरकारने शालजोडी देऊन सत्कार केला.

मराठी ग्रंथांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी झाली, परंतु तिथेही कोण बसले होते? १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक कमिटीकडे दिले. गर्भार कुणबिणीला ग्रहपीडेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, ब्राह्मणभोजनापायी ते जोडपे कर्जात कसे बुडते, आणि शेवटी ती दोघे नवराबायको शाळेत जायचे कसे ठरवतात, ही त्याची कथा. रोजच्या जीवनातला धर्म म्हणजे काय, हे मराठीत इतके उघडे करून त्याआधी कोणी नाटकात मांडले नव्हते. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे चालले नाही, असे जोतीरावांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले.

त्याच १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. सूत्रे आणि भाष्ये ह्यांनी जो प्रश्न बारा शतके दाबला तो ह्या मुलीने तीन वर्षांच्या शाळेत मांडला. आणि पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा मुंबई सरकारने ठरावात, न्याय मुलाच्या बाजूने आहे असे मान्य करून, एकासाठी बाकीचे शाळा सोडतील म्हणून त्याला बाहेर ठेवले. संस्कृत पंडितांसाठी तिजोरीत पैसा होता. त्या मुलासाठी बाकावर जागा नव्हती.

आता बाबासाहेबांकडे येऊ. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत हवे होते. ते त्यांना शिकू दिले गेले नाही. फारसी घेऊन ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. ह्या एका नकाराची आठवण त्यांनी आयुष्यभर ठेवली. पण त्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी भाषेवर बहिष्कार घातला नाही. त्यांनी पुढे संस्कृतचा अभ्यास केला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' ह्या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे ते सरळ मान्य करतात, आणि पंधरा वर्षे भाषांतरे वाचून ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आपण मिळवला आहे असेही बजावतात. अधिकार जन्माने येत नाही, वाचनाने येतो, हे अपशूद्राधिकरणाला दिलेले खरे उत्तर होय. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. न वाचता जाळलेली ती पोथी नव्हती. तिच्यात काय आहे हे माहीत असलेल्या माणसांनी ती जाळली, आणि दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत राजभाषेचा वाद चालू असताना संस्कृतच्या बाजूने आलेल्या दुरुस्तीला बाबासाहेबांचा पाठिंबा असल्याचे वृत्तपत्रांतून आले होते. आज काही मंडळी हे वृत्त फडकवून बाबासाहेबांना आपल्या मांडवात ओढू पाहतात आणि आपले लोक त्यावर अवघडून गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. ज्याला त्या भाषेच्या वर्गातून दूर ठेवले गेले तो माणूस तिला सगळ्यांची करायला तयार होता. ज्यांनी ती कोंडून ठेवली त्यांनीच तिचे आकुंचन केले, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आणखी एक गोष्ट. संस्कृतात सगळे मनूचेच आहे असे समजणे म्हणजे सनातन्यांचाच दावा मान्य करणे होय. अश्वघोषाचे 'बुद्धचरित' संस्कृतात आहे. त्याच्याच नावावर सांगितली जाणारी 'वज्रसूची' ही जातिभेदाचे खंडन करणारी कृती संस्कृतात आहे. ह्याच नावाच्या उपनिषदाचा आशय तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईने मराठी अभंगांत आणला. एकोणिसाव्या शतकात तुकाराम तात्या पडवळांनी 'जातिभेद विवेकसार' (१८६१) लिहिताना ह्याच परंपरेतला दारूगोळा वापरला, आणि त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती जोतीरावांनी काढली. ज्या कोठारात आपल्याविरुद्धची शस्त्रे आहेत त्याच कोठारात आपली शस्त्रेही पडून आहेत. कुलूप कोणाकडे आहे, हा प्रश्न आहे. कुमुद पावडे ह्यांनी संस्कृतची एम.ए. करून ती शिकवण्यापर्यंतचा आपला प्रवास 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये सांगितला आहे. महाराच्या मुलीच्या तोंडून ती भाषा ऐकताना कोणाला कौतुक वाटले, कोणाच्या पोटात दुखले, हे सगळे त्यांनी लिहिले. त्यांनी कुलूप काढले. त्यांच्यामागून किती जण आत गेले?

शेवटी आपल्या घरातले बोलतो, कारण ते न बोलता लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. माझा सात वर्षांचा मुलगा त्रिसरण, पंचशील खणखणीत म्हणतो. मागच्या पौर्णिमेला मी त्याला एका गाथेचा अर्थ विचारला. त्याला आला नाही. त्याच्या आईलाही आला नाही. विहारात मी पाच-सहा जणांना विचारले; एकाला अर्धा आला. मला ओट्याखाली बसलेला आजा आठवला. फरक एवढाच की आता आपण आत बसलो आहोत आणि कोणी आपल्याला अडवलेले नाही. तरी अर्थ कळत नसेल तर तो दोष कोणाच्या माथी मारायचा? बाबासाहेबांनी पोथी बदलून दिली नाही. पोथीपुढे प्रश्न विचारायची सवय दिली. ती सवय गेली तर पाली आणि संस्कृत ह्यांत आपल्यापुरता काही फरक राहणार नाही. कार्यकर्ते म्हणाले पाली घे. ठीक आहे, पण पालीसुद्धा समजून शिकणारे आपल्यात किती?

दोन दिवसांनी ती मुलगी परत आली. मी तिला म्हणालो, "संस्कृत घे. पाली विहारात आणि घरी माझ्याकडे शिक, मी जेवढी शिकेन तेवढी. पण एक कर. जे जे वाचशील त्याचा अर्थ घरी आईला मराठीत सांग." तिची आई धुणीभांडी करते, तिला अक्षर येत नाही. मुलीने अर्ज भरला. ज्येष्ठ कार्यकर्ते माझ्यावर नाराज आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन हा लेख वाचून दाखवणार आहे, आणि ते जे म्हणतील ते ऐकून घेणार आहे.

ऑगस्टमध्ये ती एकदा भेटली. म्हणाली, "सर, आई रोज विचारते, आज काय शिकलीस. परवा एक सुभाषित सांगितलं, विद्येसारखं दुसरं धन नाही असं. आई म्हणाली, हे त्यांनी आम्हाला तवा का नाय सांगितलं?"

आजाने विचारला असता तो हाच प्रश्न. आता तो विचारणारी माणसे आपल्या घराघरांत झाली पाहिजेत.